मूत्रपिंडाची अरुंद धमनी आणि स्टेंटचा निर्णय

मूत्रपिंडाला रक्त पुरवणारी धमनी पोटातल्या महाधमनीतून, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर, डावीउजवीकडे फुटते. तिचा व्यास जेमतेम पाच-सहा मिलिमीटर असतो. तरीही हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर रक्त, या दोन धमन्यांतून वाहते. दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्याही आत असते. त्यांच्या स्वतःच्या पोषणाला एवढ्या रक्ताची गरज नसते. ते येते गाळले जाण्यासाठी. त्यामुळे धमनी अरुंद होऊ लागली की मूत्रपिंड लगेच उपाशी पडत नाही. आधी त्याला दाब उतरल्याची जाणीव होते आणि संपूर्ण शरीराचा रक्तदाब वाढवण्याचे काम ते सुरू करते.

हे काम रेनिन या स्रावाच्या मार्फत चालते. मूत्रपिंडात येणाऱ्या रक्ताचा दाब घटला की रेनिन सुटते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते, रक्तवाहिन्या आकसतात आणि शरीर मीठ व पाणी धरून ठेवते. एकच धमनी अरुंद असेल तर दुसरे, निरोगी मूत्रपिंड जास्तीचे मीठ बाहेर टाकत राहते. दोन्ही अरुंद असतील, किंवा माणसाला मुळात एकच मूत्रपिंड असेल, तर ही सुटका राहत नाही. पाणी साठते, फुप्फुसांत उतरते आणि रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम घटल्याची खूण, चढू लागते. धमनी अर्ध्यापर्यंत बुजली तरी तिच्या पलीकडचा दाब सहसा फारसा घटत नाही. तो लक्षणीय घटतो तो अरुंदपणा साधारण ७० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर. अरुंद धमनी उघडी धरणाऱ्या स्टेंटविषयीचे बहुतेक वाद या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

रेनिनचा शोध १८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशांच्या मूत्रपिंडांच्या अर्कातून लावला. पुढे तीसेक वर्षे त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९३४ मध्ये क्लीव्हलँडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीवर चांदीचा चिमटा बसवून ती थोडी आवळली आणि प्राण्याचा रक्तदाब टिकून चढतो हे दाखवून दिले. रक्तदाबाचे एक कारण हाती लागले, आणि ते शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगे होते. मग एक मूत्रपिंड लहान दिसले की ते काढून टाकण्याची लाट आली. १९५६ मध्ये होमर स्मिथ यांनी अशा ५७५ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हा रक्तदाब खरोखर ताळ्यावर आलेले रुग्ण चौथ्या हिश्श्याच्या आसपासच निघाले. बाकीच्यांनी मूत्रपिंड गमावले आणि रक्तदाब होता तिथेच राहिला. अरुंद धमनी आढळणे आणि त्या धमनीमुळेच रक्तदाब चढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हा धडा तेव्हाच मिळाला होता. वैद्यकशास्त्राला तो अर्ध्या शतकानंतर स्टेंटच्या निमित्ताने पुन्हा शिकावा लागला.

अरुंदपणा कशामुळे आला, हा पहिला प्रश्न. युरोप-अमेरिकेत दहातल्या नऊ रुग्णांत कारण एकच असते: वयाबरोबर धमनीच्या आतल्या बाजूला साठणारा चरबीचा आणि चुन्याचा थर. हा रोग बहुधा धमनीच्या तोंडाशीच असतो, म्हणजे खरे तर महाधमनीच्या भिंतीतला थर धमनीच्या मुखावर चढलेला असतो. रुग्ण साठीच्या पुढचा, बहुधा धूम्रपान करणारा किंवा मधुमेही. हृदयाच्या आणि पायांच्या धमन्याही त्याच रोगाने ग्रासलेल्या. दुसरे कारण धमनीच्या स्नायू व तंतूंची विकृत वाढ. ती मुख्यतः तरुण आणि मध्यमवयीन स्त्रियांत आढळते, धमनीच्या मधल्या किंवा पुढच्या भागात असते आणि अँजिओग्राफीत मण्यांच्या माळेसारखी दिसते.

भारतात तिसरे कारण या दोघांइतकेच, आणि तरुणांत तर त्यांच्याहून महत्त्वाचे आहे. महाधमनी व तिच्या मोठ्या शाखांच्या भिंतींना सूज येऊन त्या जाड आणि अरुंद होतात. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९०८ मध्ये अशा एका तरुणीच्या डोळ्यांतले बदल सभेपुढे मांडले, म्हणून या रोगाला त्यांचे नाव मिळाले. जपानमध्ये तो मुख्यतः छातीतल्या कमानीच्या शाखांना धरतो आणि हाताची नाडी लागेनाशी होते. भारतात त्याचा कल पोटातल्या महाधमनीकडे आणि मूत्रपिंडाच्या धमन्यांकडे अधिक आहे. त्यामुळे इथला रुग्ण डोळ्यांच्या तक्रारीपेक्षा वाढलेला रक्तदाब घेऊनच जास्त वेळा दारात येतो.

या भारतीय रूपाची ओळख पटवण्यात मुंबईच्या परळच्या केईएम रुग्णालयाचा वाटा मोठा आहे. १९६८ च्या फेब्रुवारीत भारतातले पहिले हृदयारोपण करणारे प्रफुल्लकुमार सेन, विकृतिशास्त्रज्ञ एस. जी. किनरे आणि शल्यविशारद जी. बी. परुळकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये महाधमनीच्या मधल्या भागाच्या अरुंदपणावर लेख लिहिला. छातीच्या खालच्या आणि पोटाच्या वरच्या भागातली महाधमनी आकसते आणि तिच्यासोबत मूत्रपिंडांच्या धमन्यांची तोंडेही बुजतात, असे हे चित्र होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला याच गटाने १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. किनरे यांनी या रोगाचा क्षयाशी असलेला संबंधही तपासला. तो संबंध कार्यकारणाचा आहे हे आजवर सिद्ध झालेले नाही, पण क्षयाचा इतिहास विचारण्याची सवय भारतीय डॉक्टरांना लागली ती त्या कामामुळे. शवविच्छेदनाच्या टेबलावर आणि शस्त्रक्रियागृहात एकाच वेळी गोळा केलेले हे ज्ञान आहे. परदेशी पाठ्यपुस्तकांच्या दोन ओळींपेक्षा इथल्या रुग्णाला ते कितीतरी जवळचे आहे.

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या वैशाली नगरसारख्या वस्तीत अरुंदपणाच्या कारणाचा हा प्रश्न ठोस रूप घेतो. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये पेटली आणि तिच्याभोवती देशभरातून आलेल्या लोकांचे गाव वसले. भिलाईचा दुर्ग जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता, त्यामुळे विदर्भातल्या कुटुंबांना हा प्रदेश परका नव्हता. कारखान्याच्या पहिल्या दोन पिढ्या आज निवृत्त आहेत. त्यांच्यात पहिल्या प्रकारचा, वयाबरोबर येणारा अरुंदपणा संभवतो. त्याच घरांतल्या विशी-तिशीच्या मुलामुलींत रक्तदाब सापडला तर विचार तिसऱ्या प्रकारचा करावा लागतो. एकाच घरात आजोबांची आणि नातीची धमनी अरुंद निघाली तरी त्यांचे रोग वेगळे असतात आणि उपचारही वेगळे ठरतात.

संशय केव्हा घ्यावा हे बऱ्यापैकी ठरलेले आहे. तिशीच्या आत सुरू झालेला रक्तदाब, किंवा पंचावन्नच्या पुढे अचानक सुरू झालेला तीव्र रक्तदाब. लघवी वाढवणाऱ्या गोळीसह तीन औषधे पूर्ण मात्रेत घेऊनही न आटोपणारा. आजवर काबूत असताना एकाएकी बिघडलेला. सोनोग्राफीत दोन मूत्रपिंडांच्या लांबीत दीड सेंटिमीटरहून जास्त फरक दिसणे हीही खूण आहे. एसीई इनहिबिटर किंवा सार्टन गटातली गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन ३० टक्क्यांहून अधिक चढले तर दोन्ही बाजूंचा अरुंदपणा शोधायलाच हवा. हृदयाचे पंपिंग चांगले असूनही रात्री-अपरात्री अचानक धाप लागून फुप्फुसांत पाणी भरणे ही सर्वांत गंभीर खूण. न्यूयॉर्कमधील पिकरिंग आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तिचा दोन्ही बाजूंच्या अरुंद धमन्यांशी असलेला संबंध दाखवला.

भारतात यात एक तपासणी जोडावी लागते. तिला पैसे लागत नाहीत आणि तरी ती वारंवार राहून जाते. ताकायासूच्या रोगात हाताकडे जाणारी धमनीही अरुंद असू शकते. मग त्या हाताला बांधलेल्या पट्ट्यावर रक्तदाब कमी किंवा अगदी चांगला दिसतो आणि महाधमनीतला खरा दाब मात्र भयंकर चढलेला असतो. तरुण रुग्णाचा रक्तदाब दोन्ही हातांवर आणि दोन्ही पायांवर मोजणे, चारही नाड्या चाचपणे आणि मानेवर, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून फूत्काराचा आवाज ऐकणे हे त्यासाठी आवश्यक आहे. कारखान्याच्या दवाखान्यातल्या नियमित तपासणीतही हे पाच मिनिटांत होण्यासारखे आहे. चुकीच्या हातावर मोजलेल्या आकड्यावर विसंबून वर्षे वाया गेली तर हृदय थकते, पक्षाघात होतो, आणि धमनी शेवटी उघडली तरी गेलेले परत येत नाही.

पुढची पायरी डॉप्लर सोनोग्राफी. अरुंद जागेतून रक्त वेगाने धावते. तो वेग सेकंदाला साधारण २०० सेंटिमीटरच्या पुढे गेला, किंवा महाधमनीतल्या वेगाच्या साडेतीन पटीहून अधिक भरला, तर अरुंदपणा महत्त्वाचा मानतात. ही तपासणी स्वस्त आणि निर्धोक आहे. मात्र करणाऱ्याचा हात आणि संयम यांवर ती फार अवलंबून आहे, आणि पोट मोठे असेल किंवा आतड्यांत वायू असेल तर तिचे निदान धूसर होते. याच तपासणीत मूत्रपिंडाच्या आतल्या बारीक वाहिन्यांचा प्रतिरोधही मोजता येतो. तो ०.८ च्या वर असेल तर मूत्रपिंडाची आतली बांधणीच बिघडलेली असण्याचा संभव मोठा. मुख्य धमनी उघडून तिथे फारसे हाती लागत नाही, असे जर्मनीतल्या राडरमाखर यांच्या गटाने २००१ मध्ये मांडले. सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीने महाधमनीसह पूर्ण नकाशा मिळतो. ताकायासूच्या रुग्णात तो लागतोच. मूत्रपिंड सात-आठ सेंटिमीटरच्या खाली आक्रसले असेल तर सहसा धमनीला हात न लावणेच बरे.

धमनी उघडण्याची कल्पना प्रथम शस्त्रक्रियेतून आली; १९५० च्या दशकात शल्यविशारद आतला थर खरवडून काढू लागले आणि पर्यायी वाट जोडू लागले. झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी सप्टेंबर १९७७ मध्ये हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला आणि १९७८ मध्ये तेच तंत्र मूत्रपिंडाच्या धमनीत वापरल्याचे जाहीर केले. फुग्याची अडचण लवकरच लक्षात आली. धमनीच्या तोंडाशी असलेला चरबीचा थर महाधमनीचा असल्यामुळे फुगा काढताच तो पुन्हा आत झुकतो. म्हणून १९९० च्या दशकात धातूच्या जाळीचा आधार, म्हणजे स्टेंट, तिथे बसवणे सुरू झाले. नेदरलँड्समधल्या फान द फेन यांच्या ८५ रुग्णांच्या तुलनेत (१९९९) नुसत्या फुग्याने ५७ टक्के आणि स्टेंटने ८८ टक्के धमन्या नीट उघडल्या. सहा महिन्यांनी मोकळ्या राहिलेल्या अनुक्रमे २९ आणि ७५ टक्के होत्या. तोंडाशी असलेल्या, वयाबरोबरच्या अरुंदपणात धमनी उघडायचीच असेल तर स्टेंटच लावावा, हे त्या दिवसापासून पक्के झाले. ती उघडावी का, हे मात्र त्यातून ठरले नाही.

प्रत्यक्ष प्रक्रिया जागेपणी, जागा बधिर करून होते. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून नळी महाधमनीत नेली जाते. तिची टोके महाधमनीच्या भिंतीवर घासली तर थराचे कण सुटून मूत्रपिंडात आणि पायाच्या बोटांत अडकतात, म्हणून ती भिंतीला न टेकवता धमनीच्या मुखाशी आणण्यातच खरे कौशल्य असते. अरुंद जागेतून केसासारखी तार पलीकडे जाते, फुग्यावर चढवलेला पाच ते सात मिलिमीटर व्यासाचा आणि दीडेक सेंटिमीटर लांबीचा स्टेंट तिच्यावरून सरकवतात आणि फुगवून भिंतीत रोवतात. तोंडाशी असलेल्या रोगात स्टेंटचा काठ एखादा मिलिमीटर महाधमनीत पुढे राहील असे बघावे लागते; तो आत राहिला तर मुखावरचा थर तसाच उरतो. अँजिओग्राफीचा रंग मूत्रपिंडालाच अपायकारक असल्याने तो कमीत कमी वापरतात. क्रिएटिनिन आधीच चढलेले असेल तर काही केंद्रांत रंगाऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू वापरला जातो. जांघेत रक्त साकळणे ही नेहमीची गुंतागुंत. धमनीची भिंत उकलणे, फाटणे, मूत्रपिंडाचे काम अचानक बिघडणे या क्वचित घडणाऱ्या पण गंभीर गोष्टी आहेत.

शतकाच्या वळणावर स्टेंट इतके सहज बसू लागले की हृदयाच्या अँजिओग्राफीसाठी टेबलावर आलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडाच्या धमनीचेही चित्र घ्यायचे आणि अरुंदपणा दिसला की तिथेच स्टेंट बसवायचा, अशी पद्धत अनेक देशांत पडली. त्यावर तीन मोठ्या चाचण्यांनी लगाम घातला. २००९ मध्ये नेदरलँड्सच्या 'स्टार' चाचणीत १४० रुग्ण होते. स्टेंटच्या गटातल्या ६४ पैकी १८ जणांना स्टेंट बसवलाच गेला नाही, कारण त्यांतल्या बहुतेकांचा अरुंदपणा प्रत्यक्षात ५० टक्क्यांच्याही खाली निघाला. त्याच वर्षी ८०६ रुग्णांच्या 'ॲस्ट्रल' चाचणीत मूत्रपिंडाचे काम, रक्तदाब, हृदयविकार, मृत्यू यांपैकी कशातही स्टेंटचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही, आणि २३ रुग्णांना गंभीर इजा झाल्या. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या 'कोरल' चाचणीने ९४७ रुग्णांची नोंदणी करून त्यांचा मध्यमानाने ४३ महिने पाठपुरावा केला. मृत्यू, हृदयविकार, पक्षाघात किंवा मूत्रपिंड निकामी होणे यांपैकी काहीतरी घडलेले रुग्ण स्टेंटच्या गटात ३५.१ टक्के आणि केवळ औषधांच्या गटात ३५.८ टक्के होते. वरच्या रक्तदाबात फरक पडला तो दोन-सव्वादोन अंकांचा.

या आकड्यांवरून स्टेंट निरुपयोगी आहे असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो घाईचा आहे. 'ॲस्ट्रल'मध्ये डॉक्टरला स्वतःला उपयोगाविषयी शंका असेल अशाच रुग्णांना घेतले होते. ज्यांना स्टेंट लागणारच असे वाटले ते आधीच बाहेर राहिले, आणि घेतलेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांचा अरुंदपणा ७० टक्क्यांहून कमी होता. 'कोरल'मध्येही मध्यवर्ती मोजणीत सरासरी अरुंदपणा ६७ टक्क्यांच्या आसपास भरला आणि रुग्ण चाचणीत आले तेव्हा सरासरी दोनच औषधांवर होते. ज्यांच्या धमनीपलीकडचा दाब मुळात उतरलेलाच नव्हता अशा अनेकांना तिथे स्टेंट बसला. चाचण्यांनी दाखवून दिले ते इतकेच आणि ते मोलाचे आहे: मध्यम अरुंदपणा, आटोक्यातला रक्तदाब आणि स्थिर मूत्रपिंड असलेल्या वयस्क रुग्णाला चांगली औषधे पुरतात. 'कोरल'च्या औषधांच्या गटाला कॅन्डेसार्टन, गरजेप्रमाणे लघवीची गोळी, ॲम्लोडिपिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन मिळाले होते, आणि यांतले एकही औषध भिलाईच्या दुकानात दुर्मीळ नाही. अरुंद धमनी म्हटले की सार्टन टाळायचे, हा जुना समजही यामुळे मागे पडला. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पहिल्या दोन आठवड्यांत तपासून ती औषधे देता येतात, बहुतेकांना द्यावीतही.

उरलेल्यांसाठी स्टेंटची जागा आज बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अचानक फुप्फुसांत पाणी भरण्याचे झटके येणारा रुग्ण, दोन्ही धमन्या किंवा एकुलत्या मूत्रपिंडाची धमनी घट्ट बुजलेली असून क्रिएटिनिन झपाट्याने चढणारा रुग्ण, आणि तीन-चार औषधे नीट घेऊनही रक्तदाब न आवरणारा रुग्ण यांना त्याचा खरा फायदा होऊ शकतो. पहिल्या दोन प्रकारांत मोठ्या चाचण्या नाहीत, केवळ निरीक्षणे आहेत. पण जीव वाचवणाऱ्या उपचाराला नाणेफेकीने नाकारणे कोणालाच शक्य नसल्याने त्या होण्याची शक्यताही कमी आहे. अरुंदपणा ५० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असेल तर डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये. तार पलीकडे नेऊन दोन्ही बाजूंचा दाब मोजावा, आणि वरच्या दाबातला फरक २० मिलिमीटर पाऱ्याहून अधिक असेल तरच पुढे जावे. ही मोजणी पाच-दहा मिनिटांची आहे. ती न करता बसवलेल्या स्टेंटचे समर्थन करणे अवघड आहे.

या साऱ्या चाचण्या पहिल्या कारणाच्या आहेत. तंतूंच्या विकृत वाढीत नुसता फुगा पुरतो आणि तरुण वयात केला तर गोळ्या बऱ्याचदा कमी होतात किंवा सुटतातही. तिथे स्टेंट टाळतात, कारण धमनीच्या मधल्या, हलत्या भागात तो वाकून तुटू शकतो आणि पुढे शस्त्रक्रिया लागली तर आड येतो. फुग्याने भिंत उकलली तरच तो लावावा.

ताकायासूच्या रोगात सर्वांत आधी सूज शमवावी लागते. सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी हे रक्तातले आकडे चढलेले, भिंत सुजलेली, अशा अवस्थेत फुगा किंवा स्टेंट घातला तर धमनी पुन्हा बुजण्याचे प्रमाण फार वाढते. स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी रोग शांत करून मगच धमनीला हात लावायचा असतो. जीवावरचा प्रसंग असेल तेवढा अपवाद. दिल्लीच्या एम्स आणि गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा रुग्णांमध्ये फुग्याचे चांगले परिणाम प्रसिद्ध केले. या रोगात भिंत चिवट असते, जास्त दाबाने आणि पुन्हापुन्हा फुगवावे लागते, आणि रुग्णाला त्या वेळी कमरेत कळ येते. पुन्हा बुजणे इथे नेहमीचे आहे, आणि स्टेंटच्या आत ते झाले तर निस्तरणे अधिक कठीण. म्हणून पहिला हात फुग्याचा, स्टेंट फक्त फुगा अपुरा पडल्यावर. वाढत्या वयाच्या मुलांत तर धमनी मोठी होत जाते आणि स्टेंट तेवढाच राहतो.

प्रत्यारोपित मूत्रपिंडाची धमनी जोडणीच्या जागी अरुंद होणे हा चौथा, वेगळा प्रसंग. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत रक्तदाब चढला आणि क्रिएटिनिन वाढले तर तो शोधतात. मूत्रपिंड एकच असल्याने इथे स्टेंटचा लाभ उघड दिसतो.

खर्चाचा विचार अटळ आहे. १३ फेब्रुवारी २०१७ च्या आदेशाने हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली. तेव्हा औषधवेष्टित स्टेंटसाठी २९,६०० आणि साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये ठरले. तो आदेश हृदयाच्या स्टेंटपुरता होता, मूत्रपिंडाच्या धमनीतल्या स्टेंटला ती मर्यादा लागू नाही. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या व्याख्येत आल्यामुळे छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, एवढेच संरक्षण आहे. सरकारी विमा योजनेखाली उपचार घेताना नेमका कोणता स्टेंट आणि कोणते पॅकेज मंजूर झाले आहे हे दाखल होण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. वैशाली नगरच्या रुग्णाला रक्तदाबाची औषधे आणि डॉप्लर घराजवळ मिळू शकतात. धमनीतली दाबमोजणी आणि ताकायासूचा दीर्घ उपचार यांसाठी रायपूरचे एम्स किंवा नागपूरची मोठी रुग्णालये गाठावी लागतात. दोन्ही शहरे मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरच आहेत.

स्टेंट बसल्यावर ॲस्पिरिन चालू राहते आणि त्याच्या जोडीला काही आठवडे ते महिने क्लोपिडोग्रेल दिले जाते. रक्तदाब पहिल्याच दिवसांत झपाट्याने उतरू शकतो, म्हणून गोळ्या त्या त्या वेळच्या मोजणीप्रमाणे कमी कराव्यात, एकदम बंद करू नयेत. वयस्क रुग्णांत स्टॅटिन आणि तंबाखू सोडणे आयुष्यभरासाठी असते, कारण रोग एका धमनीपुरता नसतो. डॉप्लर साधारण एक महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी करतात. स्टेंटमधून रक्ताचा वेग मुळातच थोडा जास्त दिसतो, त्यामुळे मूळ धमनीचे निकष जसेच्या तसे लावले तर नसलेला अडथळा दिसतो. पहिल्या महिन्याचा अहवाल जपून ठेवावा आणि पुढचे त्याच्याशी ताडून पाहावेत. दहा ते वीस टक्के स्टेंट पुन्हा अरुंद होतात, बहुधा पहिल्या वर्षभरात, आणि लहान व्यासाच्या धमन्यांत अधिक. रक्तदाब पुन्हा चढला किंवा क्रिएटिनिन वाढले तरच त्यांना पुन्हा फुगा लावावा. केवळ डॉप्लरवरचा आकडा वाढला म्हणून नाही.